अधिसभेचे मत वेगळे, नमुना १८ वेगळा: कोकणातल्या पदवीधरांनी नाव कुठे नोंदवायचे?

जून २०२४ मध्ये विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाचे मतदान झाले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झाले. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही असल्या कामाचे फोन माझ्याकडेच येतात. सप्टेंबरात एकच प्रश्न होता: "जूनमध्ये मत दिलंय मां, मग आता माजा नाव खय गेला?"

नाव कुठेच गेले नव्हते. ते त्या यादीत कधी नव्हतेच.

या दोन याद्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. विधान परिषदेची यादी निवडणूक आयोगाची. त्यासाठी नमुना १८ हा अर्ज भरायचा. भारतातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते, पण पात्रता दिनांकाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, आधी निदान तीन वर्षे ती मिळालेली असावी आणि तुम्ही मतदारसंघात राहणारे असावेत. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असा हा मतदारसंघ आहे. प्रत्येक निवडणुकीला ही यादी कोरी करून नव्याने बनते, त्यामुळे मागच्या खेपेचे नाव पुढे चालत नाही. राजकीय पक्षाने गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज घेत नाहीत. घरातल्या माणसाने त्याच पत्त्यावरच्या बाकीच्यांचे अर्ज दिले तर चालतात, आणि संस्थाप्रमुखाला आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र देता येतात.

अधिसभेची यादी विद्यापीठाची आणि ती कुलसचिवांच्या अखत्यारीत. इथे तुम्ही राहता कुठे यापेक्षा पदवी कोणाची आहे हे महत्त्वाचे.

हे मत कशासाठी?

विद्यापीठ कुलगुरू चालवतात, हे अर्धेच खरे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (लागू १ मार्च २०१७पासून) पाहिला तर कारभार वाटून दिलेला दिसतो. अभ्यासक्रम, परीक्षा, शैक्षणिक दर्जा हे विद्या परिषदेकडे. पैसा, मालमत्ता, नेमणुका आणि रोजचे धोरण व्यवस्थापन परिषदेकडे. आर्थिक अंदाज आणि अर्थसंकल्पीय तरतुदी यांसाठी मुख्य प्राधिकरण म्हणजे अधिसभा. समाजाला विद्यापीठाबद्दल काय वाटते ते सांगण्याची जागाही तीच. कुलपती राज्यपाल असतात. अधिसभेच्या वर्षातून निदान दोन बैठका होतात, आणि अंदाजपत्रकाची बैठक साधारण मार्चच्या सुमारास असते.

आपल्याकडे या गोष्टीला जास्तच वजन आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईच्या दोन जिल्ह्यांपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत, एकूण सात जिल्हे. दोडामार्गच्या मुलाला मुंबईतला कलिन्याचा विद्यापीठ परिसर सुमारे पाचशे किलोमीटर पडतो. रत्नागिरीत मिरजोळ्याला उपपरिसर आहे, सावंतवाडीतही आहे. पण तिथे कोणते अभ्यासक्रम चालतील, माणसे किती असतील, कुठला दाखला तिथेच मिळेल आणि कशासाठी गाडी पकडावी लागेल, हे सगळे शेवटी तरतुदीवर येऊन थांबते. तरतुदीवर प्रश्न विचारण्याचा हक्क अधिसभा सदस्याला असतो.

दुसरी गोष्ट बृहत् आराखडा. नवीन कॉलेज कुठे हवे याचा हा पाच वर्षांचा आराखडा, आणि तोही अधिसभेपुढे मंजुरीला येतो. त्यात तुमच्या भागाचा स्थळबिंदू, म्हणजे नव्या कॉलेजसाठी ठरवलेले ठिकाण, नसेल तर संस्था कितीही सधन असो आणि जागा कितीही मोक्याची असो, अर्ज विचारात घेतला जात नाही. बिंदू असेल तर कायद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर कुलसचिवांकडे अर्ज, मग इरादा पत्र, मग अंतिम मान्यता. गावोगावच्या संस्थाचालकांना हे तोंडपाठ असते. आपण मात्र कॉलेज मंजूर झाले नाही की आमदाराला दोष देऊन मोकळे होतो.

नाव कोणाला नोंदवता येते?

मुंबई विद्यापीठाचा पदवीधर असलेल्या कोणालाही. दूरशिक्षणातून, म्हणजे विद्यापीठाच्या पूर्वीच्या आयडॉलमधून पदवी घेतली असली तरी ती मुंबई विद्यापीठाचीच. कॉलेज स्वायत्त झाले असले तरी पदवी विद्यापीठच देते, तेव्हा तेही पात्र.

घोळ होतो तो पुढच्या मंडळींचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी कोकणात घरोघरी आहे, पण तिच्यावर मुंबईच्या अधिसभेत नाव लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची किंवा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची पदवीही इथे चालत नाही. त्यांचे कायदे वेगळे. एसएनडीटीच्या मुलींनी एसएनडीटीकडे पाहावे, आणि सिंधुदुर्गातून कोल्हापूरला शिकायला गेलेल्यांनी शिवाजी विद्यापीठाकडे. हे सगळे लोक नमुना १८ मात्र भरू शकतात. एकाच वेळी राज्यातल्या दोन विद्यापीठांचे नोंदणीकृत पदवीधर होता येत नाही, त्यामुळे बीए मुंबईचे आणि एमए कोल्हापूरचे असेल तर एक घर ठरवा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला आणि दिवाळखोरीतून मुक्त न झालेल्याला नोंदणी मिळत नाही. खोटेपणाने पदवी मिळवणाऱ्यालाही नाही, हे सांगायला नकोच.

कागदपत्रे

नोंदणी ऑनलाइन होते. फोटो, सही, पदवी प्रमाणपत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा हे आधीच स्कॅन करून मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवा. शुल्क किरकोळ असते. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. सेंटरवाल्याचा दिलात तर ओटीपी त्याच्याकडे जाईल आणि पुढचे निरोपही. पदवी प्रमाणपत्र पदवीदानानंतरचे, गुणपत्रिका नव्हे. ते माळ्यावरच्या ट्रंकेत असते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून आजच काढून बघा. हरवले असेल तर दुय्यम प्रतीच्या अर्जाला वेळ लागतो, आणि नोंदणीची खिडकी तेवढा वेळ उघडी राहत नाही.

सगळ्यात जास्त अडतात त्या लग्न झालेल्या बायका. माझ्यासमोर बसलेल्या एका बाईंचे उदाहरण सांगतो. पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, आणि रेशनकार्डावर तर पाळण्यातले नाव. तिन्ही कागद टेबलावर मांडले तर तीन निराळ्या बायका वाटाव्यात. अर्ज त्यांनी आधारवरच्या नावाने भरला, पदवी तशीच जोडली, आणि यादीत नाव नाही. मग आम्ही विवाह नोंदणीचा दाखला शोधला, तो नवऱ्याच्या एलआयसीच्या फायलीत सापडला. तुमचेही असे असेल तर अर्जात नाव पदवीवर आहे तसेच लिहा आणि बदलाचा पुरावा म्हणून विवाह दाखला किंवा राजपत्र जोडा. नुसते प्रतिज्ञापत्र पुरेल या भरवशावर राहू नका.

अर्ज भरल्यावर

विद्यापीठ आधी तात्पुरती यादी लावते. तिच्यावर हरकती घ्यायला मोजके दिवस मिळतात, त्यानंतर अंतिम यादी. बहुतेक लोक अर्जाची पावती सेव्ह करतात आणि थेट मतदानाच्या दिवशी यादी बघतात. तेव्हा मग काही करता येत नाही. तात्पुरती यादी लागली की नाव, आडनाव, प्रवर्ग सगळे तपासा आणि चूक असेल तर पावती क्रमांक टाकून लेखी हरकत द्या. फोनवर सांगितलेल्याची नोंद राहत नाही.

पूर्वी नाव होते म्हणून आताही असेल, हे इथेही धरू नका. २०२३ मध्ये आधीची ९४ हजारांहून मोठी यादी तक्रारींनंतर बाजूला पडली आणि नोंदणी पुन्हा घ्यावी लागली. सप्टेंबर २०२४ चे मतदान झाले ते १३,४०६ मतदारांच्या यादीवर. सात जिल्ह्यांतले पदवीधर किती लाख असतील याचा विचार करा. एखाद्या तालुक्याने मनावर घेतले तर निकालावर छाप पडेल, इतकी ही यादी लहान आहे.

मतपत्रिका

दहापैकी पाच जागा खुल्या. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. राखीव जागेसाठी मत द्यायला तुम्ही त्या प्रवर्गातले असण्याची गरज नाही. सगळे मतदार सगळ्या गटांना मत देतात.

मत पसंतीक्रमाने. खुल्या पाच जागांसाठी समजा ६,००० मते वैध ठरली, तर जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे सहाने भागून एक मिळवायचा: १,००१ हा विजयाचा कोटा. पहिल्या पसंतीत कोटा ओलांडणाऱ्याची जादा मते दुसऱ्या पसंतीकडे वळतात. सर्वांत खाली असलेला बाद झाला की त्याची मतेही. म्हणून दुसरी, तिसरी पसंती भरणे वाया जात नाही, आणि पहिल्या पसंतीचे मत कमी होईल ही भीतीही खोटी.

खूण मात्र आकड्याचीच. आमच्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर पेपर तपासलेले, मतदान करून आले आणि समाधानाने म्हणाले, "पाचही जणांना बरोबरची खूण करून आलो." १ हा आकडा कुठेच नाही म्हटल्यावर ते मत बाद. दोन जणांसमोर १ लिहिले तरी बाद, आणि खाली सही केली तरीही.