चिरा की ब्लॉक? घर बांधायला काढण्याआधी

कोकणात गावी घर बांधायला काढलं की मुंबईकर पहिला प्रश्न हाच विचारतात: "चिऱ्याऐवजी ब्लॉक लावले तर घर थंड राहील ना?" आम्ही चिराही (जांभा दगड) पुरवतो आणि एएसी ब्लॉकही (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा; गवंडी त्याला सिपोरेक्स म्हणतात), त्यामुळे एकच माल गळ्यात मारायची आम्हाला गरज नाही.

ब्लॉक उष्णता अडवतो, यात खोट नाही. त्याच्या पोटात हवेची बारीक छिद्रं असतात. 8 इंची ब्लॉकच्या भिंतीतून 9 इंची चिऱ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उष्णता आत येते. पण दारं-खिडक्या सताड उघड्या आणि पंखा गरगरतोय, अशा घरात आत-बाहेर हवा एकच. मग भिंतीने अडवायचं काय? सोलापूरकडे उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांत 15 अंशांचा फरक पडतो. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारी 33, पहाटे 26, म्हणजे फरक जेमतेम सात अंशांचा. आपला त्रास घामाचा, आणि घामाला वारा लागतो.

एसीच्या खोलीचं गणित वेगळं. बाहेरच्या दोन भिंती मिळून 200 चौरस फूट धरा, वर्षातून चार महिने रात्री आठ तास एसी. आमच्या अंदाजाने ब्लॉकमुळे रोज अर्ध्या युनिटच्या आतबाहेर वाचतं, म्हणजे वर्षाला 50-60 युनिट. 10 रुपये युनिट धरलं तर पाच-सहाशे रुपये. त्यासाठी अख्खं घर ब्लॉकचं करू नका. होमस्टे असेल आणि एसी दिवसरात्र चालणार असेल, तर मात्र त्या खोल्यांना ब्लॉक जरूर लावा.

दरात तुलना करताना एक गोष्ट हमखास राहून जाते. चिऱ्याचं बैठं घर स्वतःच्या भिंतींवर उभं राहतं. ब्लॉक लावायचे तर बहुधा कॉलम-बीमचा सांगाडा आला. सांगाडा तुम्ही तसाही करणार असाल, तर ब्लॉक हलका असल्याने लोखंड थोडं कमी लागतं. शिवाय चिरा जवळच्या खाणीवरून येतो, ब्लॉक घाट उतरून, आणि वाटेत कोपरे फुटतात ते वेगळेच.

खरी भट्टी डोक्यावर असते. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री झोपायच्या वेळेला ती ऊब खाली सोडतो. त्यावर हवा खेळेल अशी पत्र्याची शेड घाला, गळतीही थांबते. त्यानंतर पश्चिमेची भिंत: दुपारी दोनपासून सूर्य तिच्यावरच. तिथे पडवी काढा, निदान तीन फुटांची वळचण तरी ठेवा. जुन्या लोकांनी पडवी उगाच काढली नव्हती.

आणि पाऊस. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, तोही आडवा. पश्चिमेच्या भिंतीला झापांची झडी (विणलेल्या झावळ्यांचा आडोसा) बांधायची पद्धत त्यासाठीच. ब्लॉक पाणी पितो, म्हणून त्याला बाहेरून चांगला गिलावा हवाच. कॉलमला जिथे भिंत भिडते तिथे जाळी मारली नाही तर गिलाव्याला भेग पडते आणि पहिल्याच श्रावणात आत ओल दिसते. चिऱ्याचेही दर्जे (दगडांमधले सांधे) नीट भरले नाहीत तर तीच गत, फक्त तो बाहेरून उघडा ठेवता येतो.

ऑर्डर द्यायला येताना घराचा नकाशा आणा. त्यावर पश्चिम कुठे आणि एसी कुठल्या खोलीत, एवढं पेन्सिलीने लिहून आणलंत तरी निम्मं काम झालं.