तेमाकीझुशी

तेमाकीझुशी म्हणजे हाताने गुंडाळलेली सुशी. जपानीत ‘ते’ म्हणजे हात, ‘माकी’ म्हणजे गुंडाळी; जोडशब्दात सुशीची ‘झुशी’ होते. नोरी या समुद्रशैवालाच्या कागदासारख्या पानात आंबटगोड भात व सारण घालून ज्याने त्याने जेवतानाच वळून लगेच खायची, असा हा घरगुती बेत. निगिरी, म्हणजे मुठीत दाबलेल्या भाताच्या गोळीवर मासा ठेवलेली सुशी, वळायला हात बसलेला लागतो. तेमाकीला तशी अट नाही.

सगळी मदार भातावर. चौघांसाठी आखूड दाण्याचा जपानी तांदूळ ३ गो (गो हे जपानी माप), म्हणजे ५४० मिली (सुमारे ४५० ग्रॅम) घेतात. तो धुऊन निथळतात, तेवढेच पाणी घालून अर्धा तास भिजवतात व त्याच पाण्यात शिजवतात. रोजच्या भातापेक्षा हे पाणी थोडे कमी, कारण पुढे व्हिनेगर पडायचे असते. गॅस बंद केल्यावर १० मिनिटे वाफ मुरू द्यावी. बासमती चालत नाही, शिते सुटी राहतात. इंद्रायणी चिकटतो, पण मऊ पडतो. त्याला पाणी बेताचेच हवे.

८० मिली तांदळाच्या व्हिनेगरमध्ये ३ मोठे चमचे साखर व दीड लहान चमचा मीठ विरघळवतात. गरम करावे, उकळू नये, आंबटपणा उडतो. भात परातीत काढून गरम असतानाच हे मिश्रण शिंपडतात. गार भात ते शोषत नाही, तळाशी पाणी साचते. उलथने आडवे धरून कापल्यासारखे फिरवावे. घोटले की खळ झालीच. मग पंख्याने वारा घालून भात कोमट करतात आणि ओल्या फडक्याने झाकतात. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, शिते टणक होतात.

सारणात ट्यूना, सामन, काकडी, शिसो या जपानी सुगंधी वनस्पतीची पाने, गोडसर ऑम्लेटच्या पट्ट्या. मेयोनेझ घातलेला डब्यातला ट्यूना मुलांसाठी हमखास. कच्चा मासा तसा खाण्यासाठीच विकलेला असावा. अनिसाकिस या कृमीवर व्हिनेगर किंवा वासाबी या झणझणीत जपानी चटणीचा उपाय चालत नाही. मासा आतपर्यंत उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास गोठावा लागतो. घरच्या फ्रीजरचा त्यासाठी भरवसा नसतो.

नोरीचे पूर्ण पान १९ × २१ सेंमी असते. त्याचे चार तुकडे करून खडबडीत बाजू वर घेतात, सुपारीएवढा भात पातळ पसरून वर सारण तिरपे ठेवतात आणि विड्यासारखे वळतात. नवखा माणूस हटकून भात जास्त घेतो. मग पान मिटत नाही. वळलेली तेमाकी दोन-तीन मिनिटांत खावी, नंतर नोरी ओल धरून चिवट होते. म्हणून आधीच वळून ताट सजवणे व्यर्थ. पानांचा डबाही बंदच ठेवावा, एकेक काढावे. सोया सॉस सारणाच्या बाजूला थेंबभर. भात बुडवला तर तो सुटतो आणि खारटही होतो.