मोसंबीची साल आणि ‘दुर्जर’ हा जुना शब्द

उन्हाळ्यात जालना-संभाजीनगर रस्त्याला मोसंबी ज्यूसचे गाडे लागतात आणि दुपारपर्यंत गाड्यामागे सालींचा ढीग पडतो. अंबड, घनसावंगी, पैठण हा सगळा मोसंबीचा पट्टा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. पण आपण रस पितो आणि साल फेकतो.

साल पोटात जाते ती लिंबाच्या लोणच्यातून. आजी लिंबाच्या फोडींना मीठ लावून बरणीत भरायची, वर दादरा बांधायची आणि बरणी माळवदावर उन्हात ठेवायची. पहिले काही दिवस साल कडूजहर आणि चिवट. महिन्या-दीड महिन्यानं फोड तपकिरी व्हायची, बोटांत धरली तरी दबायची. मगच ती पानात यायची.

सुश्रुतसंहितेत लिंबाच्याच कुळातल्या महाळुंगाच्या सालीचं वर्णन ‘तिक्त’ आणि ‘दुर्जर’ असं आहे, म्हणजे कडू आणि पचायला जड. त्याच ओळीत ती वात, कृमी आणि कफ घालवते असंही सांगितलंय. साल गुणाची आहे आणि सहजी पचत नाही, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या वैद्यांनी एकत्र नोंदवल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१८२८ मध्ये लेब्रेटन या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं संत्र्याच्या सालीतून हेस्पेरिडिन हे द्रव्य वेगळं काढलं. मोसंबीच्या सालीखालच्या पांढऱ्या थरातही ते भरपूर असतं. १९३६ मध्ये हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबातल्या अशाच द्रव्यांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं. बारीक रक्तवाहिन्यांमधून होणारं झिरपणं या द्रव्यांमुळे कमी होतं, असा त्यांचा दावा होता. पण ही द्रव्यं मिळाली नाहीत म्हणून ठरावीक आजार होतो, हे काही सिद्ध झालं नाही. १९५० च्या सुमारास ते नाव मागे पडलं.

खरी अडचण शोषणाची होती. हेस्पेरिडिनच्या रेणूला दोन साखरा जोडलेल्या असतात. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नाही, म्हणून ते बरंचसं तसंच पुढे सरकतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या साखरा तोडतात, तेव्हा कुठे आतला हेस्पेरेटिन सुटा होतो आणि आतड्याच्या भिंतीतून आत शिरतो. तिथे आणि यकृतात त्याला पुन्हा दुसरे रेणू जोडले जातात, आणि रक्तात तो बहुतेक त्याच बदललेल्या रूपात फिरतो. संत्र्याचा रस पाजून रक्त तपासलं, तर त्याचं प्रमाण पाच ते सात तासांनी सर्वांत जास्त आढळतं. प्रयोगशाळेत एक साखर आधीच काढून टाकली, की तो लहान आतड्यातच आणि कितीतरी लवकर शोषला जातो.

बाहेरच्या पिवळ्या सालीतल्या द्रव्यांची तऱ्हा वेगळी. तिथल्या तेलाच्या बारीक पिशव्यांतलं लिमोनीन आणि नोबिलेटिनसारखी द्रव्यं स्निग्धात विरघळणारी असल्यानं पेशींच्या आवरणातून सोपेपणानं जातात.

हल्ली वाळलेल्या सालीची पूड औषध म्हणून चमच्यानं खाण्याची टूम आहे. ती मला पटत नाही. बागेत फवारण्या होतात, त्यांचे अंश सालीवरच बसतात. शिवाय बरेचसे प्रयोग शुद्ध द्रव्यावर झाले आहेत, पुडीवर नव्हे.

आणि जिवाणू प्रत्येकाचे वेगळे. दुपारी बाराला बांधावर एकाच फडक्यातली भाकरी आणि तेच लोणचं दोघांनी खाल्लं, तरी संध्याकाळी गुरं घरी परतताना एकाच्या रक्तात हेस्पेरेटिन दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतं.