पार्श्वभूमी: चिपाड, करवंटी आणि ‘हार्ड कार्बन’

सोडियम-आयन बॅटरीच्या, म्हणजे लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीच्या, ऋण टोकात वनस्पतींपासून केलेला कोळसा चालतो, हे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडच्या ऊसकऱ्याच्या कानावर गेलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग आमच्या चिपाडाला दर येणार का? त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा.

या कोळशाला ‘हार्ड कार्बन’ म्हणतात. त्याचं मराठीत ‘कठीण कार्बन’ केलं जातं आणि घोळ तिथंच सुरू होतो. करवंटीचा कोळसा टणक म्हणून तो हार्ड, चिपाडाचा हातात चुरतो म्हणून तो नव्हे, अशी समजूत होते. नाव टणकपणावरून पडलं असेल, पण कसोटी ती नाही. १९५१ मध्ये कोळशाचे दोन गट मांडले गेले: ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्यावर ज्याचं ग्रॅफाइट होतं तो एक, आणि कितीही तापवला तरी ज्याचे थर वेडेवाकडेच राहतात तो दुसरा. हा दुसरा म्हणजे हार्ड. लाकूड, करवंटी, चिपाड, निपाणीच्या तंबाखूच्या काड्या, सगळ्यांचा कोळसा याच गटात बसतो. चुरा झाला तरी तो हार्डच.

१९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली तेव्हा तिच्या ऋण टोकात कोक, म्हणजे खनिज तेलाच्या गाळापासून केलेला कोळसा, होता. पुढे ग्रॅफाइटने बाजी मारली. सोडियमला मात्र ग्रॅफाइट जवळ करत नाही. ‘सोडियमचा आयन मोठा, म्हणून मावत नाही’ हे सर्रास लिहिलं जातं, पण ते अपुरं आहे. त्याहून मोठा पोटॅशियम ग्रॅफाइटमध्ये सहज शिरतो. सोडियम आणि ग्रॅफाइटचं संयुग टिकाऊ होत नाही, हे खरं कारण. २००० साली ग्लुकोज हवेविना तापवून केलेल्या कोळशात सोडियम ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास साठवता आला. लिथियमसाठी ग्रॅफाइटची मर्यादा ३७२ आहे. म्हणजे वाट साखरेतूनच निघाली. सोडियम थरांमध्ये बसतो की बंद पोकळ्यांत, यावर अजून वाद आहे.

२०२१ मध्ये एका चिनी उत्पादकाने किलोमागे १६० वॅट-तासांचा सोडियम सेल जाहीर केला. २०२२ मध्ये लिथियमचे भाव कडाडले, डिसेंबर २०२३ पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. तोवर लिथियम उतरलाही होता.

आपल्याकडे मालाची वाण नाही, पण राख, म्हणजे कोळशात उरणारा आणि धुऊन काढावा लागणारा खनिज भाग, बघावी लागते. करवंटीत ती फार कमी. खानापूरच्या भाताच्या तुसात वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा राख, बहुतेक सिलिका. तंबाखूच्या काड्यांत पोटॅश. पोटॅश आम्लाने धुऊन निघतो, सिलिका काढायला कॉस्टिक सोडा लागतो, आणि दोन्हीकडे पाणी.

चिपाडाला ‘टाकाऊ’ म्हणणं मला पटत नाही. टनभर उसामागे सुमारे ३०० किलो चिपाड निघतं, त्यात निम्मं पाणी. सेल्युलोजमध्ये कार्बन ४४ टक्के, त्यातलाही बराच कोळसा करताना वायू होऊन जातो. उरलेल्या मूठभर कोळशाला जो भाव मिळेल, तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये हेच चिपाड जाळून होणाऱ्या वाफेच्या आणि विकल्या जाणाऱ्या विजेच्या वर गेला, तरच चिपाड तिकडून इकडे वळेल. गुऱ्हाळाच्या चुलवाणालाही हेच जळण लागतं.