आधी कोण नमतं?

दोन प्राणी एकाच भक्ष्यावर हक्क सांगत समोरासमोर उभे राहतात. चावाचावी नाही, नुसतं ठाण मांडणं. जो आधी मागे फिरेल तो हरला. पण थांबण्यात वेळ आणि ताकद दोघांचीही जाते, जिंकणाऱ्याचीसुद्धा. जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७४ मध्ये अशा झुंजीचं गणित मांडलं.

१९९१ मध्ये अल्बर्टो अलेसिना आणि ॲलन ड्रेझन या अर्थशास्त्रज्ञांनी तसाच विचार सरकारी तिजोरीला लावला. तूट वाढतेय, ती कधीतरी भरून काढावी लागणार हे सगळ्यांना कळतं. मग वर्षानुवर्षं काहीच का हलत नाही? कारण तो भार कोणी उचलायचा, हे ठरत नाही. कर वाढले तर एकाच्या खिशाला चाट, खर्च कापला तर दुसऱ्याच्या. समोरचा किती काळ तग धरेल हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून दोघेही थांबतात. म्हणजे कोंडी व्हायला कोणी मूर्ख असावं लागत नाही! मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

थांबण्याची किंमत मात्र खरी असते. अमेरिकेत २०११ मध्ये कर्जमर्यादा वाढवण्यावरून शेवटच्या दिवसापर्यंत घोळ चालला. वास्तविक ही मर्यादा वाढवणं म्हणजे नवा खर्च नव्हे. संसदेने आधीच मंजूर केलेल्या खर्चासाठी पैसा उभा करण्याची ती मुभा. सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेच्या अंदाजानुसार, नुसत्या दिरंगाईमुळे त्या वर्षी कर्ज सुमारे १३० कोटी डॉलरनी महागलं.

२०१८च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या निधीवरून खर्चाची मंजुरी अडली आणि तिथला सरकारी कारभार ३५ दिवस अंशतः ठप्प झाला. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना बिनपगारी काम करावं लागलं. २५ जानेवारी २०१९ रोजी हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरची उड्डाणं रखडली आणि त्याच दिवशी तोडगा जाहीर झाला.

अलेसिना-ड्रेझन यांच्या मांडणीनुसार, थांबण्याचा चटका जितका जास्त बसतो, तितकी माघार लवकर होते. त्या ३५ दिवसांत संसद सदस्यांचे पगार चालू होते. महिनाभर चटका सोसला तो वाटाघाटीत ज्यांना जागाच नव्हती त्यांनी.