ताटातले कोलेस्टेरॉल आणि रक्तातले कोलेस्टेरॉल

अंड्याचा बलक निर्दोष ठरला, म्हणजे कोलेस्टेरॉलची भीती ही औषध कंपन्यांनी उठवलेली आवई होती, असे मानून स्टॅटिनची, म्हणजे रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी परस्पर बंद करणारी माणसे आता सर्रास भेटतात. आहारातल्या आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलची ही गल्लत जिवावर बेतू शकते.

आहारातले कोलेस्टेरॉल जवळजवळ फक्त प्राणिज पदार्थांत असते, एका बलकात साधारण 185 मिलिग्रॅम, हे बहुतेकांना ठाऊक आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह या शास्त्रज्ञाने 1913 मध्ये सशांना ते खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर साचवून दाखवला. पण ससा शाकाहारी, आणि माणसाचे शरीर मात्र बरेचसे कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करते व खाण्यातून जास्त आले की बहुधा आपले उत्पादन आवरते घेते. अमेरिकेत 1968 पासून सांगितली जाणारी दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015-20 च्या आहार-मार्गदर्शिकेतून वगळली गेली, ती याच कारणाने.

एवढ्याने रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे आणि जास्त झाले की धमन्यांत साचणारे कण, निर्दोष ठरत नाही. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना 1985 चे नोबेल मिळाले ते यकृताच्या पेशी एलडीएल रक्तातून कसे उचलतात हे उलगडल्याबद्दल. पेशींवरचे हे एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) आईवडील दोघांकडूनही सदोष आले, तर ज्या वयात ना तंबाखू असते ना रक्तदाब, त्या शाळकरी वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. उलट पीसीएसके9 या जनुकातल्या काही बदलांमुळे ज्यांचे एलडीएल जन्मापासून कमी असते, त्यांच्यात हृदयविकार ठळकपणे कमी आढळतो. या दोन्ही टोकांच्या माणसांत फरक अंड्यांचा नाही, रक्तातल्या एलडीएलचा आहे, आणि म्हणूनच ते केवळ सोबत आढळणारे लक्षण नसून कारण आहे, असे ठामपणे म्हणता येते. ते एकमेव कारण नव्हे. तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब आहेतच.

मग ताटातले काय एलडीएल वाढवते? मुख्यतः संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट), कारण त्याने यकृताची एलडीएल उचलण्याची क्षमता घटते. कोकणातले कोलंबीचे कालवण घ्या. शिजवलेल्या 100 ग्रॅम कोलंबीत जवळजवळ एका बलकाइतके कोलेस्टेरॉल असते, पण संपृक्त मेद नगण्य. नारळात कोलेस्टेरॉल नसते, पण त्याच्या तेलातला 80 टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो. कोलेस्टेरॉलच्या धास्तीने कोलंबी बाजूला काढायची आणि नारळाचा दाट रस मात्र वाडगा भरून घ्यायचा, हे अगदी उफराटे आहे. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे मिरवणे तर मला संतापजनक वाटते, कारण कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नसल्यासारखेच असते, आणि एलडीएल वाढवणाऱ्या ट्रान्स फॅटने भरलेल्या जुन्या वनस्पती तुपातही ते नव्हते.

निरोगी माणसाने रोज एक अंडे बलकासह खाण्यात मला गैर वाटत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्ताच्या अहवालात एलडीएल 190 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त दिसले, तर बलकावर खापर फोडत न बसता आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी आणि आपल्याबरोबर भावंडांची व मुलांचीही रक्ततपासणी करून घ्यावी.