करारावरचा मोबाइल फोन : वॉरंटीनंतरचे ग्राहकहक्क (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये नेटवर्क कंपनीशी ठरावीक महिन्यांचा करार करून घेतलेला मोबाइल फोन उत्पादकाची वॉरंटी संपल्यावर बिघडला, तरी ग्राहकाचे काही हक्क शिल्लक राहतात. दुरुस्ती, बदली फोन, किमतीत सूट किंवा पैसे परत यांपैकी काय मागता येईल, कोणाकडे आणि किती काळपर्यंत, हे मुख्यतः १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या ग्राहक हक्क अधिनियमाने ठरते. ‘वॉरंटी संपली, विषय संपला’ ही समजूत तिथेही आपल्याइतकीच पक्की आहे, आणि ती दूर करण्याची घाई दुकानाच्या काउंटरवर कोणालाच नसते.

ब्रिटनमध्ये सेलनेट आणि व्होडाफोन यांची मोबाइल सेवा जानेवारी १९८५ मध्ये सुरू झाली. हँडसेट तेव्हा फार महाग होते. म्हणून कंपनीने फोन स्वस्तात किंवा फुकट द्यायचा आणि त्याची किंमत मासिक बिलातून हळूहळू वसूल करायची, अशी पद्धत पडली. सुरुवातीला असे करार बारा महिन्यांचे असत. पुढे ते अठरा आणि चोवीस महिन्यांवर गेले. उत्पादकाची वॉरंटी मात्र बहुतेक वेळा एका वर्षाचीच राहिली, काही कंपन्यांची दोन वर्षांची. या नोंदीतला सगळा तंटा या फटीतून निघतो. चौदाव्या महिन्यात फोन बंद पडतो, बिल आणखी दहा महिने यायचे असते, आणि सर्व्हिस सेंटर नव्या फोनच्या निम्म्या किमतीचा अंदाज हातात ठेवते.

यात दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. वॉरंटी हे उत्पादकाने स्वखुशीने दिलेले वचन असते. त्याची मुदत आणि अटी तोच ठरवतो, आणि एकदा दिल्यावर ते त्याला कायद्याने पाळावे लागते. दुसरी जबाबदारी विक्रेत्याची. विकलेला माल समाधानकारक दर्जाचा, नेहमीच्या कामाला उपयोगी आणि वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, ही अट कायदाच प्रत्येक करारात घालतो. फोन नेटवर्क कंपनीने दिला असेल, तर विक्रेता तीच. ‘उत्पादकाकडे जा’ हे तिचे उत्तर सोयीचे असेल, पण कायद्याला धरून नाही. ही जबाबदारी करारातल्या बारीक अक्षरांनी टाळताही येत नाही, कारण अधिनियमाचे ३१ वे कलम तशी अट निरर्थक ठरवते. फोन ‘फुकट’ मिळाला होता, हा युक्तिवादही चालत नाही. करारात अडकण्याच्या बदल्यात मिळालेली वस्तू म्हणजे देवाणघेवाणीतली वस्तूच, आणि २०१५ च्या अधिनियमाने विक्रीबरोबर भाड्याने, हप्त्याने किंवा अन्य मोबदल्यात दिलेला मालही आपल्या कक्षेत घेतला आहे.

समाधानकारक दर्जा ठरवताना किंमत, वर्णन आणि इतर परिस्थिती पाहिली जाते. दिसणे, सुरक्षितपणा, किरकोळ दोष नसणे यांच्या जोडीला टिकाऊपणाही त्यात येतो. टिकाऊपणाचा हा स्पष्ट उल्लेख १९९४ च्या दुरुस्तीने तेव्हाच्या मालविक्री कायद्यात आला, आणि वॉरंटीनंतरच्या दाव्यांचा सारा भार त्याच एका शब्दावर आहे. फोन किती वर्षे टिकला पाहिजे, हे मात्र कायदा सांगत नाही. हजार पाउंडांच्या फोनचा मदरबोर्ड पंधराव्या महिन्यात गेला, तर ‘एवढ्या किमतीच्या फोनकडून कोणीही जास्त अपेक्षा करील’ असे म्हणता येते. ऐंशी पाउंडांच्या साध्या फोनबद्दल तेच वाक्य लंगडे पडते. बॅटरीची गोष्ट निराळीच. ती वापराने झिजणारच. दीड-दोन वर्षांनी चार्जिंग पुरेना झाले तर तो दोष नसून झीज मानली जाण्याचीच शक्यता अधिक. बॅटरी फुगली तर मात्र प्रश्न सुरक्षिततेचा होतो.

इंटरनेटवर सर्रास आढळणारे ‘ब्रिटनमध्ये सहा वर्षांची गॅरंटी असते’ हे विधान चुकीचे आहे. सहा वर्षे ही १९८० च्या मुदत अधिनियमाप्रमाणे दावा दाखल करण्याची मुदत आहे. स्कॉटलंडमध्ये ती पाच वर्षांची आहे. त्या काळात न्यायालयाचे दार उघडे असते एवढाच याचा अर्थ. पाचव्या वर्षी बिघडलेला प्रत्येक फोन विक्रेत्याने बदलून द्यावा असे त्यातून निघत नाही.

काळाचे खरे टप्पे निराळे आहेत. पहिल्या ३० दिवसांत सदोष फोन नाकारून पैसे परत घेता येतात. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो मुळातच होता असे गृहीत धरतात. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. सहा महिन्यांनंतर हा भार ग्राहकाच्या खांद्यावर येतो. वॉरंटीनंतरचा दावा जवळजवळ नेहमीच या तिसऱ्या टप्प्यात पडतो, म्हणून तो हक्कापेक्षा पुराव्यावर अधिक अवलंबून असतो. दोष आज दिसला तरी त्याचे मूळ फोन हाती आला त्या दिवशीच त्यात होते, हे दाखवावे लागते. फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धता लागत नाही. ‘असे असण्याची शक्यता अधिक’ इतके पटले तरी पुरते.

हे पटवायचे कसे? नेहमीचा मार्ग म्हणजे कंपनीशी संबंध नसलेल्या दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी अहवाल घेणे. फोन उघडल्यावर काय दिसले, पडल्याच्या किंवा पाणी गेल्याच्या खुणा आहेत का, कोणता भाग निकामी झाला आणि का, एवढे त्यात हवे. नुसते ‘फोन चालू होत नाही’ असे लिहून आणलेला कागद काही कामाचा नाही. अहवालाचा खर्च आधी ग्राहक करतो आणि दावा जिंकल्यास तो मागू शकतो. फोन उघडण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी कळवलेले बरे, नाहीतर ‘तुम्हीच उघडून बिघडवला’ हा प्रतिवाद तयारच असतो. फोनच्या आत ओल लागल्यावर रंग बदलणारी छोटी पट्टी असते. ती लाल झालेली दिसली की बहुतेक सर्व्हिस सेंटरांत चर्चा तिथेच थांबते. पण ओल लागली होती एवढेच ती सांगते. बिघाड त्या ओलीनेच झाला का, हा प्रश्न उरतो, आणि जलरोधक म्हणून जाहिरात केलेल्या फोनच्या बाबतीत तो जास्तच टोकदार होतो.

एकाच मॉडेलमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारा दोष हाही चांगला पुरावा असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ६ प्लसच्या टचस्क्रीनच्या बिघाडासाठी सवलतीच्या दरात दुरुस्तीची योजना जाहीर केली. ‘फोन कठीण जमिनीवर अनेकदा पडल्यावर असे होते’ अशी कंपनीची भूमिका होती; स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांपैकी काहींचे बोट फोनच्या रचनेकडे होते. उत्पादकाने योजना काढली म्हणून विक्रेत्याची जबाबदारी आपोआप सिद्ध होत नाही. तरी पत्राला जोडण्यासारखा याहून चांगला कागद क्वचितच मिळतो.

दोष पटला, की विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलीची एक संधी मिळते. दोन्हींपैकी काय हवे ते ग्राहक सांगतो. ते अशक्य असेल किंवा दुसऱ्या मार्गापेक्षा अवाजवी महाग पडत असेल, तरच विक्रेत्याला नाही म्हणता येते. काम वाजवी वेळेत झाले पाहिजे आणि टपालापासून मजुरीपर्यंतचा खर्च विक्रेत्याने सोसायचा. बदली म्हणून बहुधा दुरुस्त करून नव्यासारखा केलेला फोन येतो. दीड वर्ष वापरलेल्या फोनच्या जागी तो अवाजवी म्हणता येणार नाही. दुरुस्ती फसली किंवा अडवून ठेवली, तर ग्राहक किमतीत सूट मागू शकतो किंवा फोन कायमचा नाकारू शकतो. पहिल्या सहा महिन्यांनंतर फोन नाकारला, तर झालेल्या वापरापोटी परताव्यातून रक्कम कापली जाते. ती किती, याचे सूत्र कायद्यात नाही. उदाहरणादाखल, ६०० पाउंडांच्या फोनचे वाजवी आयुष्य चार वर्षे धरले आणि तो १८ महिन्यांनी गेला, तर २२५ पाउंड वापरापोटी जाऊन ३७५ पाउंड परत मिळावेत. चार वर्षे की तीन, यावरच मग घासाघीस चालते.

करारावरच्या फोनला हा हिशेब सहज लागू होत नाही, कारण जुन्या पद्धतीच्या करारात फोनची किंमत वेगळी लिहिलेलीच नसते. महिन्याच्या ४० पाउंडांतले फोनचे किती आणि बोलण्याचे-डेटाचे किती, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. त्याच कंपनीचा फक्त सिमचा समतुल्य प्लॅन शोधून दोन्ही दरांतला फरक फोनचा मानणे, हा अंदाजाचा एक बरा रस्ता आहे. २०१३ मध्ये ओटू कंपनीने फोनचे हप्ते आणि सेवेचे बिल असे दोन स्वतंत्र करार करायला सुरुवात केली. तशा रचनेत किंमत आणि उरलेले हप्ते स्पष्ट दिसतात. मात्र हप्त्यांचा करार तीन-तीन वर्षांचाही असू शकतो, म्हणजे वॉरंटी आणि देणे यांतली फट आणखी रुंद होते. फोन नाकारला म्हणून सेवेचा करार आपोआप संपत नाही, हे दोन्ही पद्धतींत लक्षात ठेवावे लागते. सिम चालू आहे, नेटवर्क आहे, तर कंपनीच्या मते तिची सेवा सुरूच आहे.

म्हणूनच रागाच्या भरात बँकेतून जाणारा हप्ता थांबवणे हा सर्वांत महागडा उपाय ठरतो. थकबाकीची नोंद पतइतिहासात जाते, कर्ज मिळताना अडचण येते आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. दावा लढायचा तर बिल भरत राहून लढायचा.

तक्रारीची सुरुवात कंपनीला लेखी पत्राने होते. त्यात ‘वॉरंटी’ हा शब्द टाळलेलाच बरा. ग्राहक हक्क अधिनियम आणि समाधानकारक दर्जा यांचा उल्लेख केला, की पत्र काउंटरवरून तक्रार विभागाकडे सरकण्याची शक्यता वाढते. ठरावीक आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा आता आमच्याकडून चर्चा संपली असे कंपनीने कळवले, तर दूरसंचार नियामक ऑफकॉमने मान्य केलेल्या तंटानिवारण यंत्रणेकडे विनामूल्य जाता येते. प्रत्येक कंपनीला अशा एका यंत्रणेचे सभासद असावेच लागते. तिचा निर्णय ग्राहकाने स्वीकारला तरच त्याच्यावर बंधनकारक होतो. शेवटचा मार्ग न्यायालयाचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पाउंडांपर्यंतचे साधे दावे वकिलाशिवाय चालवता येतात. स्कॉटलंडच्या सोप्या प्रक्रियेची मर्यादा ५,००० पाउंड आहे. फोन थेट विकत घेऊन सिम वेगळे घेतले असेल आणि क्रेडिट कार्डाने थोडी जरी रक्कम भरली असेल, तर आणखी एक आधार मिळतो. किंमत १०० पाउंडांहून जास्त आणि ३०,००० पाउंडांपर्यंत असलेल्या वस्तूबद्दल १९७४ च्या ग्राहक पत अधिनियमाचे ७५ वे कलम बँकेलाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरते.

इतर देशांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी सोडवला आहे. युरोपीय संघात विक्रेत्याची किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी १९९९ च्या निदेशापासून (सदस्य देशांना पाळाव्या लागणाऱ्या संघाच्या नियमापासून) आहे. ती ग्राहकांना नीट न सांगता स्वतःची जादा वॉरंटी विकल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०११ मध्ये ॲपलला नऊ लाख युरोंचा दंड केला. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले, की मोबाइल फोन दोन वर्षांहून बराच अधिक टिकण्यासाठी असतो, म्हणून त्याला तक्रारीची पाच वर्षांची मुदत लागू होते. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘फुकट’ फोनवरचा पडदाच बाजूला केला. असा करार म्हणजे हप्त्याने खरेदी आणि ग्राहककर्ज होय, असा तो निकाल आहे. ब्रिटनमध्ये इतका ठाम आणि सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. प्रत्येक दावा स्वतःच्या पायावर उभा राहतो, आणि सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ही उणीवच म्हटली पाहिजे.

भारतात करारावरचा फोन फारसा रुजला नाही. २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपयांत सीडीएमए हँडसेट देऊन तो प्रयोग गाजवला होता. पुढे मात्र फोन वेगळा आणि रिचार्ज वेगळा हीच रीत राहिली, आणि कराराची जागा वित्तकंपनीच्या ईएमआयने घेतली. कायद्याचे मूळ मात्र एकच आहे. १९३० चा भारतीय मालविक्री अधिनियम १८९३ च्या इंग्लिश कायद्यावर बेतलेला असून, मालाच्या दर्जाची गर्भित, म्हणजे न लिहिताही लागू होणारी, अट त्याच्या १६ व्या कलमात आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारीची मुदत दोन वर्षांची. एका बाबतीत इथली तरतूद सरस आहे : दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. ब्रिटनमध्ये तो अहवाल ग्राहकाला स्वतः पैदा करावा लागतो.

पुण्या-मुंबईहून एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दोन वर्षांचा करार मुळातच गैरसोयीचा. नव्याने आलेल्याचा तिथे पतइतिहासही नसतो, म्हणून अनेकदा करार नाकारला जातो. ज्यांना तो ओळखीच्या माणसाच्या नावावर मिळतो, त्यांची अडचण पुढे कळते : हक्क करार ज्याच्या नावावर त्याचा असतो, आणि तक्रारही साधारणपणे त्यालाच करावी लागते. फोन घेऊन भारतात परतल्यावर ब्रिटिश विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. पण फोन तिकडे पाठवणे आणि दावा चालवणे यात किमतीएवढाच खर्च होण्याची भीती असते.

अलीकडे बिघाडाची व्याख्याच ताणली जाऊ लागली आहे. यंत्र ठणठणीत, पण सुरक्षेचे अपडेट थांबल्यामुळे बँकेचे ॲप चालेना, तर फोन सदोष म्हणायचा का? यावर २०१५ चा अधिनियम थेट काही बोलत नाही. मात्र २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये फोनच्या उत्पादकाला सुरक्षा अपडेट किमान केव्हापर्यंत मिळतील ते जाहीर करावे लागते. जाहीर केलेली ती मुदत पुढे वाढवता येते, कमी करता येत नाही.